‘ताई, या थेरपीनं खरंच फरक पडतो का?’ तुम्ही विचारलंत म्हणून

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे माणसाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. लहान मुलांबरोबर काम करते, आणि ही थेरपी म्हणजे सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी. ‘तुमच्या मुलाला सेन्सरी इश्यूज आहेत’, म्हणजे आवाज, स्पर्श अशा संवेदना त्याला फार जास्त किंवा फार कमी जाणवतात, असं कुणीतरी सांगितलेलं असतं, सेशनची फी ऐकून झालेली असते, आणि मग आई किंवा बाबा हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याला नुसतं ‘हो’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

कुकरची शिट्टी होण्याआधीच कान झाकणारी, शर्टाच्या मानेचं लेबल कापल्याशिवाय अंगात न घालणारी, नखं कापताना दोघांनी धरावी लागणारी ही मुलं. काही अगदी उलट: दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतात, जोरात आपटूनही रडत नाहीत. घरातली वडीलधारी म्हणतात, लाडावलंय, वळण नाही. हे ऐकून माझा जीव तुटतो. त्या मुलाला लेबल खरोखरच टोचत असतं.

कॅलिफोर्नियातल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी या मुलांचा विचार पहिल्यांदा नीट मांडला. १९७२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. स्पर्श, आतल्या कानातून येणारं तोलाचं भान, सांधे आणि स्नायूंकडून येणाऱ्या सूचना यांची मेंदूत सांगड बसावी लागते आणि ती खेळातून घडवता येते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्याकडे झोके, चढायच्या भिंती, गाद्या दिसतात. खेळ मूल निवडतं. तो त्याला जेमतेम जमेल इतकाच अवघड ठेवणं हे आमचं कौशल्य.

आता पुराव्याचं बोलू. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१२ मध्ये सांगितलं की संवेदनांच्या या त्रासाला स्वतंत्र आजार म्हणून निदान देऊ नये. थेरपी एकूण उपचारांचा एक भाग असू शकते, पण पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगावं आणि मुदत ठरवून परिणाम तपासावा. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देण्याचा समावेश झाला. त्रास खरा मानला गेला, वेगळं नाव मात्र मिळालं नाही.

दोन चाचण्या, म्हणजे थेरपीचा परिणाम मोजणारे अभ्यास, मी पालकांना नेहमी सांगते. २०१४ मध्ये अमेरिकेत रोझअ‍ॅन शाफ यांच्या गटानं ऑटिझम असलेल्या ४ ते ८ वर्षांच्या ३२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. थेरपीच्या गटाला १० आठवड्यांत ३० सेशन्स. प्रत्येक मुलासाठी ठरवलेल्या उद्दिष्टांत हा गट नेहमीच्याच सेवा घेणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे गेला. मग २०२२ मध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या चाचणीचे निष्कर्ष आले: वेल्स आणि इंग्लंडमधली ४ ते ११ वर्षांची १३८ मुलं, सगळी ऑटिझम असलेली. सहा महिन्यांनी चिडचिड आणि अस्वस्थता मोजली, तर नेहमीच्या सेवा घेणाऱ्या मुलांपेक्षा थेरपी घेणाऱ्यांत फरक नव्हता. त्या मुलांच्या पालकांनी निवडलेल्या रोजच्या गोष्टींत मात्र सुधारणा नोंदली गेली. ही नोंद फक्त थेरपीच्या गटात होती, म्हणून तिच्यावर फार भार टाकता येत नाही.

मला यातून दिसतं ते असं: ‘मूल शांत व्हावं’ म्हणून थेरपी लावली तर हाती निराशा येण्याचा संभव मोठा. ‘दात घासू द्यावेत’, ‘सलूनमध्ये दहा मिनिटं बसावं’ यासाठी लावली, तर आशेला जागा आहे. परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तेव्हापासून आमचं काम हेच आहे, माणसाला त्याची रोजची कामं जमावीत.

म्हणून पहिल्या भेटीत मी वहीत एक-दोनच गोष्टी लिहून घेते, आईबाबांच्याच शब्दांत. आज काय होतं, तेही लिहिते: सलूनच्या दारातूनच परत येतो, ब्रश तोंडाजवळ आणू देत नाही. दहा आठवड्यांनी ती वही पुन्हा उघडायची. फरक नसेल तर पद्धत बदलायची किंवा थांबायचं. असं लिहून द्यायला तुमची थेरपिस्ट तयार नसेल, तर दुसरी शोधा. मी हे स्पष्टच सांगते.

दरम्यान मुलाला बदलण्याआधी आजूबाजूचं बदला. मिक्सर लावण्यापूर्वी त्याला सांगा. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ नेऊच नका. न्यावंच लागलं तर कानांवर हेडफोन असू द्या. वर्गात घंटेपासून लांबची जागा मागून घ्या. कान आणि डोळे तपासून घेतले नसतील तर ते सगळ्यात आधी. महागडं वजनदार पांघरूण लगेच मागवू नका: २०१४ मध्ये ऑटिझम असलेल्या ६७ मुलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत त्यानं झोप वाढली नाही, मुलांना आणि पालकांना ते आवडलं मात्र.

या तिन्ही चाचण्या ऑटिझम असलेल्या मुलांच्या आहेत. तुमच्या मुलाला ऑटिझम नसेल तर या आकड्यांच्या भरवशावर मी ग्वाही देणार नाही. तिथे वहीच खरी. आणि फी झेपत नसेल तर पहिल्याच भेटीत सांगा. आठवड्याला तीनऐवजी एक सेशन आणि बाकीचं घरी, असंही आखता येतं.