सव्वा डेसिबलसाठी सहा आठवडे

एमटेकच्या प्रोजेक्टला सीडीएमएमधलं मल्टियूजर डिटेक्शन घेतलं होतं. सीडीएमए म्हणजे प्रत्येक यूजरला वेगळा कोड देऊन सगळ्यांना एकाच बँडवर बोलू देणारं वायरलेस तंत्र; मल्टियूजर डिटेक्शन म्हणजे त्या सरमिसळीतून प्रत्येकाचे बिट ओळखणं. सगळं कॉम्प्युटरवर सिम्युलेट करायचं होतं. कोड तयार करणं, मॅच्ड फिल्टर (आलेला सिग्नल एका यूजरच्या कोडशी ताडून पाहणारा भाग) लिहिणं आठवड्याभरात उरकलं. अडले ते डिकोरिलेटरवर, म्हणजे यूजरांची सरमिसळ काढून टाकणाऱ्या भागावर.

तत्त्व सरळ आहे. सगळे यूजर एकाच बँडमध्ये एकाच वेळी बोलतात आणि त्यांचे कोड एकमेकांशी पूर्ण काटकोनात नसतात, म्हणून एकाच्या फिल्टरमध्ये दुसऱ्याचा सिग्नल झिरपतो. कोणता कोड कुणाशी किती जुळतो याचा तक्ता म्हणजे कोरिलेशन मॅट्रिक्स; फिल्टरांतून आलेल्या आकड्यांना तिच्या इन्व्हर्सने गुणलं की ती झिरप जाते. हाच डिकोरिलेटर. संशोधक व्हेर्दू यांचा 1986 चा ऑप्टिमम डिटेक्टर याहून सरस, पण दहा यूजर असले की त्यांच्या बिटांच्या 1024 शक्यता तपासाव्या लागतात.

माझा बीईआरचा (शेकडा किती बिट चुकतात त्याचा) ग्राफ थिअरीच्या रेषेवर बसेचना, आणि तो जुळल्याशिवाय प्रगती अहवालावर सही मिळत नव्हती. दोनदा अहवाल परत आला. दोन्ही वेळा शेरा एकच: बिट वाढवा. वाढवले, मशीन रात्रभर चालवलं. रेषा गुळगुळीत झाली, पण होती तिथेच राहिली. प्रोग्राम उघडून कुणीही पाहिला नाही, याचा राग आजही जात नाही.

शेवटी दहाचे दोन यूजर केले. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. आठ चिपचे (चिप म्हणजे कोडमधला एकेक +1 किंवा -1) दोन कोड, सहा चिप सारख्या, दोन उलट, म्हणजे कोरिलेशन 0.5. आता सगळं कागदावर मोजता येतं. डिकोरिलेटरमुळे नॉईज 1.33 पट व्हायला हवा, म्हणजे एकट्या यूजरच्या रेषेपेक्षा सव्वा डेसिबलचा तोटा. माझा तोटा जवळजवळ साडेतीन डेसिबल, म्हणजे 2.22 पट! इन्व्हर्स मॅट्रिक्सचा वर्ग केला, तर तिच्या कर्णावर नेमका हाच आकडा.

मी नॉईज फिल्टरनंतर मिसळत होते, प्रत्येक यूजरला स्वतंत्र. खऱ्या रिसीव्हरमध्ये अँटेनावर एकच नॉईज येतो आणि तोच सगळ्या फिल्टरांतून जातो, म्हणून बाहेर पडणारा नॉईजही कोडांइतकाच एकमेकांशी बांधलेला असतो. नॉईज फिल्टरच्या आधी, चिपच्या पातळीवर मिसळला आणि रेषा थिअरीवर जाऊन बसली. डोळ्यांत पाणी आलं.

आणि हो, ग्राफच्या प्रत्येक बिंदूला निदान शंभर चुका मोजल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

त्याच रात्री दुसऱ्या यूजरची पॉवर 20 डेसिबलने वाढवली. मॅच्ड फिल्टरचे पहिल्या यूजरचे जवळपास निम्मे बिट चुकले. डिकोरिलेटरची रेषा जागची हलली नाही.