आबांचं घड्याळ साडेबारा, दगडाचं बारा

आमच्या नागपूरच्या धरमपेठमधल्या घरामागे तुळशीजवळ एक दगडी सूर्यघड्याळ आहे, पणजोबांच्या काळचं. मी लहानपणापासून त्यावर वाळवणाची ताटंच पाहिली, कारण ते चुकीचं दाखवतं असं घरात सगळेच म्हणायचे. यंदा जानेवारीत मी ते दुरुस्त करायला घेतलं.

सगळ्यात जास्त दिवस गेले सिमेंट काढण्यात. पूर्वी कधीतरी एका मिस्त्रीने सावली पाडणारं पितळी पातं हलतं म्हणून बुडाशी सिमेंट थापलं होतं, त्याच्यामागे पाणी मुरून दगडाचे पापुद्रे निघून राहिले होते. बारीक छिन्नीने रोज थोडं थोडं काढलं. शेवाळाला ॲसिड लावू नका प्लीज, तारेचा ब्रशही नको, कोरलेल्या रेषाच जातात. साधं पाणी, नायलॉनचा ब्रश, खाचांसाठी बांबूची काडी, बस. पातं परत चुन्यात बसवलं, तिरकी कड उत्तरेकडे 21 अंश वर, कारण नागपूरचा अक्षांश तेवढा.

आणि मग रेषा दिसल्या! 11 आणि 12 मधलं अंतर इतकं कमी की मला वाटलं कोरणाराच चुकला, पण रात्री गणित मांडलं तर नागपूरला ते साडेपाच अंशच येतं, आणि सकाळी 6 ते 7 मध्ये छत्तीसच्या वर. लंडनला हेच 11 ते 12 जवळपास बारा अंश भरतं. म्हणजे हे विलायती घड्याळ बघून उतरवलेलं नाही, कोणीतरी आपल्या गावासाठी हिशोब करून कोरलंय. मी कितीतरी वेळ त्या रेषांवरून बोट फिरवत बसले.

12 फेब्रुवारीला आबांना बाहेर आणलं. सावली बरोबर बारावर आणि त्यांच्या मनगटावर 12:28. "बघ बेटा, मागेच आहे अजून." मग त्यांना सांगितलं, आबा, तुमच्या मनगटावरचं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, म्हणजे मिर्झापूरजवळच्या 82.5 अंश पूर्व रेखांशाचं, नागपूर त्याच्या पश्चिमेला, तिथे पावणेचौदा मिनिटं गेली, आणि पृथ्वीची कक्षा लंबगोल नि आस कललेली म्हणून फेब्रुवारीत सूर्य आणखी चौदा मिनिटं मागे असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बघा, उलट दोन-तीन मिनिटं पुढे असेल.

आबा काही बोलले नाहीत, खुर्ची मागवली आणि सावली एकच्या रेषेवर जाईपर्यंत तिथेच बसले. आईने वाळवणाची ताटं गच्चीवर नेली.