आज पैसे धाडले नाय तर खोली जातली

कणकवलीत माझं सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, फॉर्म, प्रिंट हे रोजचंच, पण मुंबई-ठाण्याच्या भाडेकरारांची कामंही बरीच येतात, कारण पोरं इथली आणि खोल्या तिकडच्या. जूनमधली गोष्ट, बाहेर धो धो पाऊस, लाइट सारखी जात होती, आणि एक काका मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत आले. "गो बाय, ह्याची प्रिंट काढ आणि ह्येका पैसे धाड, आज धाडले नाय तर खोली जातली."

मुलगी नर्स, परळच्या हॉस्पिटलात लागलेली, सोमवारी जॉइन व्हायचं. खोली म्हणजे परळमध्येच वन बीएचके, फर्निचरसकट, भाडं ९,०००. ऐकूनच माझा हात थांबला, परळला एवढ्या पैशात अख्खा फ्लॅट कोण देतो? मालक म्हणे आर्मीत, बदली जम्मूला झालीय म्हणून घर दाखवायला येऊ शकत नाही. युनिफॉर्ममधला फोटो, आयकार्ड, आधार सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं. सोसायटीच्या गेटपासचे म्हणून २,५०० काकांनी आधीच दिलेले, आता तीन महिन्यांचं डिपॉझिट म्हणजे २७,००० हवे होते.

प्रिंट काढली आणि सगळे कागद काउंटरवर पसरले. अॅग्रीमेंट म्हणजे १०० च्या स्टॅम्प पेपरचा स्कॅन, खाली एक गोल शिक्का, रजिस्टर झाल्यावर मिळतो तो दस्त नंबर नाही, जिथे रजिस्टर होतो त्या दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव नाही. आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाड्याचा करार लेखी आणि रजिस्टर केलेलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. ऑनलाइन केला तरी दोन्ही पार्ट्यांचा फोटो आणि अंगठा लागतो, आणि काकांच्या मुलीचा अंगठा तर कोणी मागितलाच नव्हता. पण खरी गंमत लाइट बिलात निघाली. बिल महावितरणचं होतं. अहो परळला वीज बेस्टची असते! काकांना ते दाखवलं तर ते बिलाकडे बघतच राहिले, मग हळूच म्हणाले, "पण तो मिलिट्रीतलो माणूस आसा गो." आमच्या भागात घराघरात फौजी, त्या वर्दीचा मान कोण ठेवणार नाही, आणि हे लोक नेमका तोच मान वापरतात. याची मला फार चीड आहे.

तेवढ्यात त्या मालकाचाच फोन आला. मी स्पीकरवर घेतला. दुसरी पार्टी तयार आहे, लवकर करा, मी क्यूआर पाठवलाय, आधी १ रुपया पाठवून बघा, मग पिन टाका म्हणजे डिपॉझिट रिफंडेबल म्हणून नोंद होईल. असलं काही नसतं हो, क्यूआर स्कॅन करून यूपीआयचा पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातातच, पैसे यायला पिन लागत नाही. मी म्हटलं आमचा माणूस संध्याकाळी बघायला येईल, वॉचमनला सांगून ठेवा. त्यावर तो भडकला, वाट्टेल ते बोलला आणि फोन कट.

काका अजून डळमळीत होते, मुलगी रडेल म्हणत होते. मी विचारलं गावचं मुंबई मंडळ आहे ना? गिरण्यांच्या काळात गावकीची खोली असायची, गावातून गेलेला पोरगा वळकटी घेऊन थेट तिथे उतरायचा. खोल्या गेल्या पण माणसं आहेत. मंडळाचे सेक्रेटरी लालबागला राहतात, काकांनी त्यांना फोन लावला आणि ते ड्युटीवरून सुटून तसेच पावसातून त्या पत्त्यावर गेले. बिल्डिंग खरी होती. पण मजले सात आणि आपला फ्लॅट नंबर १२०४!

तोवर आम्ही १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला होता. गेलेल्या २,५०० चा यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर, त्याचा यूपीआय आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट सगळं सायबर क्राइम पोर्टलवर टाकलं. हे जितकं लवकर होईल तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तर हाती लागायची शक्यता जास्त. काकांचे अजून आलेले नाहीत, तक्रार चालू आहे.

मुलगी सुरुवातीला सेक्रेटरींच्याच घरी राहिली. मग दोन नर्सबरोबर दिव्याला खोली घेतली, ट्रेनला तोबा गर्दी, पण भाडं तिघींत ८,०००. या वेळी आधी खोली बघितली, मालकाच्या नावाचं टॅक्स बिल बघितलं, शेजारी विचारलं, मग टोकन दिलं. करार मीच भरला, ११ महिन्यांचा, डिपॉझिट २५,०००, स्टॅम्प ड्युटी अडीचशेच्या आतच आली आणि रजिस्ट्रेशन फी १,०००. मालक आधी म्हणत होते नोटरी करूया, कशाला खर्च. काकांनी इथून फोनवर सांगितलं, फी मी भरतो पण कागद रजिस्टरच व्हया.