तीन पिकअप आणि एक तुटलेली तार

माझ्या इलेक्ट्रिक गिटारची बॉडी गडद लाल रंगाची. तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे तीन पिकअप: नेककडे एक आणि मध्ये एक असे दोन सिंगल कॉइल, म्हणजे एका गुंडाळीचे, आणि ब्रिजजवळ हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा, गुणगुण कमी करणारा. सिंगल कॉइलची कव्हरं इतकी पांढरीशुभ्र होती की लाल बॉडीवर ती वरून चिकटवल्यासारखी वाटायची. हंबकर उघडाच होता, दोन काळ्या बॉबिनचा (तार गुंडाळायच्या रिळांचा). आवाजाबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती, म्हणून नवे पिकअप घ्यायचे नव्हते. मला हवा होता जुन्या गिटारींच्या प्लास्टिकला येतो तो सायीसारखा पिवळसर रंग आणि हंबकरवर निकेलचं, चकाकी थोडी मावळलेलं कव्हर. घरी करता येईल असं वाटलं आणि झालंही. मधल्या पिकअपने मात्र दोन दिवस जीव टांगणीला लावला.

काम सुरू करण्याआधी पिकअपमध्ये नक्की काय असतं ते मी नीट समजून घेतलं, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. चुंबकांभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते. नेहमीच्या सिंगल कॉइलमध्ये ती ४२ गेजची, म्हणजे जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. तिचे ८,०००च्या आसपास वेढे असतात; उलगडली तर लांबी किलोमीटरच्या घरात जाईल. ही तार एका जागी तुटली की पिकअप मुका. त्यामुळे मी स्वतःला एकच नियम घातला: घासणं, रंगवणं, जुनाट करणं हे सगळं सुट्या कव्हरवर करायचं आणि त्या वेळी कॉइल दुसऱ्या खोलीत असेल.

पिकअपच्या तारांचे जोड सोडण्याआधी पिकगार्डच्या (पिकअप बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीच्या) आतल्या बाजूचे चार-पाच फोटो काढले. पिकअप सुटे झाल्यावर प्रत्येकाचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून वहीत लिहिला: नेक ५.८, मधला ६.१, हंबकर ८.२ किलोओहम. प्रत्येक पिकअपच्या तळाला पेन्सिलने खूण केली. मधल्या पिकअपचे चुंबक आणि कॉइलची दिशा बऱ्याचदा मुद्दाम उलटी ठेवलेली असते, म्हणजे दोन सिंगल कॉइल एकत्र वाजवताना गुणगुण कमी होते. त्यांची जागा बदलायची माझी इच्छा नव्हती.

नेकचं कव्हर अलगद निघालं. मधलं निघेना. कारखान्यात पिकअप कव्हरसकट मेणात बुडवला असावा, कारण आतून ते घट्ट धरलेलं होतं. इथे मी हेअर ड्रायरने मिनिटभर ऊब द्यायला हवी होती. त्याऐवजी मी कव्हर जरा तिरकं करून ओढलं. निघालं. मल्टिमीटर लावला, तर आकडाच नाही. सर्किट तुटलेलं.

त्या रात्री मी त्याला पुन्हा हात लावला नाही. सकाळी भिंग आणि टेबल लॅम्प घेऊन बसले, तेव्हा दिसलं की कॉइलच्या बाहेरच्या वेढ्यातून खालच्या पितळी आयलेटकडे (तार जोडायच्या छोट्या कडीकडे) जाणारं टोक तुटलं होतं. हे नशीबच म्हणायचं. कॉइलला दोन टोकं असतात: एक आत चुंबकांना लागून सुरू होणारं, दुसरं सगळ्यात शेवटी बाहेर येणारं. आतलं तुटलं तर बहुतेक वेळा सगळी कॉइल नव्याने गुंडाळावी लागते. बाहेरचं तुटलं तर एक-दोन वेढे उलगडून काम भागतं, आणि आठ हजारांतले दोन वेढे गेल्याने आवाजात काही फरक पडत नाही.

केसापेक्षा बारीक तार चिमट्याने सोडवायची म्हणजे श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो. तारेवर एनॅमलचा थर असतो. तो काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही आणि खरवडताना जरा जोर झाला की तार हातात येते. माझी दोनदा तुटली. तिसऱ्या वेळी १००० नंबरच्या पॉलिश पेपरचा बारीक तुकडा दुमडला आणि त्याच्या घडीतून तार तीन-चार वेळा नुसती सरकवली, दाबली नाही. टोक तांबूस चमकायला लागलं. आधी टोकावरच सोल्डरचा पातळ थर चढवला, मग ते आयलेटमध्ये घालून क्षणभर सोल्डरिंग आयर्न टेकवलं. तार ताणलेली राहू नये म्हणून किंचित सैल सोडली. मल्टिमीटर: ६.१. जोडावर मेणाचा एक थेंब सोडला आणि तो पिकअप पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवून दिला.

कव्हरं रंगवायला पहिल्यांदा चहाचं कडक पाणी वापरलं. रात्रभर ठेवूनही रंग वरवर बसला आणि ओल्या फडक्याने बराचसा निघून आला. ही कव्हरं बहुतेक एबीएस प्लास्टिकची असतात आणि त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, रंगाला धरायला जागाच नसते. म्हणून आधी पाण्यात भिजवलेल्या १००० नंबरच्या पेपरने चकाकी उतरवली. स्टील वूल मुद्दाम टाळलं. त्याचे लोखंडी कण सगळीकडे पसरतात आणि मग पिकअपच्या चुंबकांना असे चिकटतात की निघता निघत नाहीत. गिटारच्या आसपास ते कधीच नसावं असं माझं ठाम मत आहे. थिनर आणि ॲसिटोनही लांब ठेवलं, कारण ॲसिटोनमध्ये हे प्लास्टिक विरघळतं.

मग सिंथेटिक कापडासाठी मिळतो तो रंग घेतला, पिवळा जास्त आणि तपकिरी अगदी चिमूटभर. पाणी उकळतं नको, कव्हरं वाकडी होतात. मी थर्मामीटर ठेवून ७० अंशांच्या आसपास सांभाळलं. दर दोन मिनिटांनी बाहेर काढून, धुऊन, पुसून बघायचं. ओलं असताना रंग नेहमी गडद दिसतो, पुसल्याशिवाय अंदाज येत नाही. नेकचं कव्हर फिकं राहिलं होतं, ते आणखी मिनिटभर बुडवलं. एक गोष्ट ऐन वेळी सुचली म्हणून बरं: व्हॉल्यूम-टोनचे नॉब आणि स्विचची टोपीही त्याच पाण्यात घातली. नाहीतर पिवळसर कव्हरांशेजारी त्या पांढऱ्याधोप दिसल्या असत्या.

आता हंबकर. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी हंबकर तयार केला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळालं १९५९ मध्ये. त्यावर धातूचं कव्हर असायचं. साठच्या दशकात अनेक वादकांनी कव्हरं काढून टाकली आणि आतली बॉबिन लोकांना दिसायला लागली. मी उलट्या दिशेने चालले होते.

कव्हर निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, भोकांमधलं अंतर. हंबकरच्या पहिल्या ते सहाव्या स्क्रूचं अंतर काहींमध्ये ५० मिलिमीटरच्या जवळ असतं, काहींमध्ये ५२-५३. माझं ५२ निघालं. दुसरी, धातू. जर्मन सिल्व्हरचं कव्हर घ्यावं. नावात चांदी असली तरी त्यात ती नसते. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण. पितळेत भोवरा प्रवाह (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत गोल फिरणारे विजेचे प्रवाह) जास्त तयार होतात आणि वरच्या पट्टीची धार बोथट होते. जर्मन सिल्व्हरमध्ये हा परिणाम बराच कमी. बाहेरचा मुलामा निकेलचा घेतला, कारण क्रोम असं जुनं होत नाही.

झाकणाच्या डब्यात तळाशी थोडं व्हिनेगर आणि त्याच्या वर, न टेकता, जाळीवर कव्हर ठेवलं. नुसती वाफ पुरते. दर काही तासांनी बघत होते. दुसऱ्या दिवशी आरशासारखी चकाकी जाऊन धुरकट राखाडी छटा आली, कडांना किंचित हिरवट. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, कोरडं केलं. आतल्या ज्या दोन जागी सोल्डर लागणार होतं, तिथे मात्र पेपरने घासून धातू पुन्हा उजळ केला, कारण काळवंडलेल्या पृष्ठभागावर सोल्डर नुसतं घरंगळतं.

कव्हर बसेना. कॉइलच्या बाजूला दोन तारांचा जोड टेपखाली फुगला होता. तो चपटा करून पातळ टेप लावल्यावर बसलं. रबर बँडने आवळून धरलं आणि बेसप्लेटला (पिकअपच्या तळाच्या धातूच्या पट्टीला) दोन ठिकाणी सोल्डर केलं. इथे २५ वॉटचं आयर्न चालत नाही. धातू उष्णता पिऊन टाकतो, आपण टेकवून बसतो आणि आतली कॉइल तापत राहते. ६० वॉटचं, रुंद टोकाचं आयर्न चांगलं तापवून घ्यायचं, टेकवायचं आणि लगेच उचलायचं. हा जोड कव्हर जागेवर धरण्यासाठी असतो, तसाच कव्हर ग्राउंड होण्यासाठीही. ग्राउंड नसलेलं कव्हर उलट जास्त आवाज करतं.

कव्हर आणि कॉइल यांच्यात पोकळी राहिली तर मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो. म्हणून शेवटी मेण. पॅराफिन चार भाग, मधमाश्यांचं मेण एक भाग, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, ६५ अंशांवर. थेट आचेवर कधीच नाही. पिकअप बुडवला की बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत ठेवला, साधारण वीस मिनिटं. बाहेर काढून मोजला तर ९.४ किलोओहम! मधल्या पिकअपचा अनुभव ताजा होता, पोटात गोळा आला. मग आठवलं की तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. तासाभराने पुन्हा मोजला. ८.२.

जोडणी फोटो बघून केली. कव्हरमुळे हंबकर किंचित उंच झाला होता, म्हणून शेवटच्या फ्रेटवर तार दाबून उंची पुन्हा लावली, ब्रिजला सुमारे दीड मिलिमीटरचं अंतर. लाल बॉडीवर ते तिन्ही पिकअप एकमेकांचे वाटतात: पिवळसर दोन आणि धुरकट निकेलचा एक. हंबकरची धार अगदी थोडी मऊ झाली आहे, निदान माझ्या कानांना. मला ती आवडते.

ॲम्प लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवून पाहिलं. नेक, ठक. हंबकर, ठक. मधला मी शेवटी ठेवला होता. स्विच तिकडे नेला, टेकवलं. ठक.