मंत्रालयातल्या फाईलपर्यंत संशोधन कसं पोचवायचं

विद्यापीठातला चांगला अभ्यास सरकारदरबारी वाया जातो, तो बहुतेक वेळा चुकीच्या टेबलावर चुकीच्या रूपात गेल्यामुळे. अहवाल थेट मंत्र्यांना दिला जातो. त्यावर शेरा पडतो, कागद खाली उतरतो आणि ज्या कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे, पोचतो तिथे त्यात कार्यवाही करण्याजोगं काही सापडत नाही. प्रस्ताव चढतो तो खालून वर. कार्यासन अधिकारी टिपणी मांडतो, ती अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी मंत्र्यांपर्यंत जाते. आपला निष्कर्ष त्या पहिल्या टिपणीत उतरवता आला पाहिजे.

म्हणून सुरुवात अहवालापासून न करता चालू शासन निर्णयापासून (जीआर) करा. आपल्या विषयाचा जीआर शासनाच्या संकेतस्थळावर शोधा आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वर क्रमांक असतो, त्यात 'प्र.क्र.' म्हणजे प्रकरण क्रमांक आणि बहुधा शेवटी कार्यासनाचं संक्षिप्त नाव. फाईल कुठल्या टेबलावर आहे ते तिथेच कळतं. 'वाचा' या शीर्षकाखाली आधीचे जीआर दिलेले असतात. ते एकेक करून काढले की योजनेत कधी काय बदललं याचा इतिहास हाती येतो. शेवटी 'राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने' या ओळीखाली सही कोणाची आहे ते पाहा. त्या पदावरचा अधिकारी हा तुमचा पहिला वाचक. त्याखालच्या 'प्रति'च्या यादीत अंमलबजावणी कोणाकोणाच्या गळ्यात पडणार हेही दिसतं. अर्धा दिवस लागतो, पण याला पर्याय नाही.

आता तुम्ही विभागाला द्यायचं टिपण. दोन पानं, मराठीत. राज्याच्या फायली मराठीत चालतात. इंग्रजी अहवालाचा गोषवारा अधिकाऱ्याने स्वतः मराठीत करून टिपणीत घालावा ही अपेक्षा अवाजवी आहे. पहिल्याच परिच्छेदात मागणी: अमुक तारखेच्या शासन निर्णयातल्या अमुक परिच्छेदात हा बदल करावा. सध्याचा मजकूर आणि सुचवलेला मजकूर शेजारी शेजारी छापा. मग पुरावा, तोही तालुकानिहाय तक्त्यात. टक्केवारीबरोबर प्रत्यक्ष संख्या द्या, कारण आमदार आपल्या तालुक्याचं काय तेच विचारतात. मग खर्च: एकदाचा किती, दरवर्षीचा किती, आणि कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कुठल्या खात्याखाली, बसतो. लेखाशीर्ष अर्थसंकल्पाच्या प्रकाशनांत सापडतं. सापडलं नाही, तर विभागाच्या लेखा शाखेत विचारा. संशोधनपद्धती, नमुना, प्रश्नावली हे सगळं परिशिष्टात.

सगळ्यात जास्त प्रस्ताव खर्चाच्या ओळीवर अडतात. नवीन पदं मागितली की पदनिर्मितीचा प्रश्न आला, वित्त विभाग आला, आणि वर्ष गेलं. तेच काम आधीच नेमलेल्या कर्मचाऱ्याकडून, ठरलेल्या मोबदल्यात होतं असं दाखवता आलं तर फाईल हलते. 'जनजागृती करावी', 'समन्वय वाढवावा' असल्या शिफारशी काढून टाका. त्यावर कोणालाच काही करता येत नाही.

गडचिरोलीचं नवजात बालकांचं काम या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखं आहे. ते करणारी 'सर्च' ही स्वयंसेवी संस्था, विद्यापीठ नव्हे, पण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे जे केलं ते प्रत्येक संशोधकाने अभ्यासावं. ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली, नवजात मृत्युदर खूप खाली आला, आणि हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. केंद्राने घरपोच नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर आणला तो २०११ मध्ये. तोवर गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमलेल्या होत्या. काम कोण करणार याचं उत्तर यंत्रणेतच तयार होतं. आशाच्या भेटींचे दिवसही ठरले: दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. ठरलेल्या भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये. संशोधन धोरणात उतरतं म्हणजे या पातळीपर्यंत उतरतं: कोणी, कोणत्या दिवशी, किती पैशात.

आयआयटी मुंबईने पोकरा, म्हणजे राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवून दिली, तीही याच जातीची. पाऊस, माती, पिकं यांवरून गावाला पाणी किती कमी पडतं ते काढून त्यावर गावाचा आराखडा करता येतो. अहवालापेक्षा वापरता येणारं साधन सरकारला नेहमीच जवळचं वाटतं.

वेळेचं गणितही सांभाळा. अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास मांडला जातो, पण विभागांचे अंदाज त्याआधी कित्येक महिने तयार होतात. खर्चाचा प्रस्ताव पावसाळा संपण्याच्या आत विभागात असावा. फेब्रुवारीत दिलेल्या प्रस्तावाला फार तर पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितल्या जाणाऱ्या जादा रकमेची, आशा. केंद्राच्या विधेयकांसाठी २०१४ चं पूर्वविचारविनिमय धोरण आहे. त्यानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. मात्र हे धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे मुदत प्रत्येक वेळी पाळली जात नाही. मसुदा येण्याआधीच टिपण तयार हवं.

आकडेवारी मिळत नसेल तर माहिती अधिकार आहेच. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत, १० रुपये शुल्क. उत्तराला कायद्याने ३० दिवस. पण ज्या कार्यालयाबरोबर पुढे काम करायचं आहे तिथे आधी साधं पत्र द्या. आणि निष्कर्ष विभागाला दाखवण्याआधी वर्तमानपत्रात देऊ नका. विभाग मग खुलासा लिहायला बसतो आणि तुमचं टिपण त्या खुलाशाच्या फाईलला जोडलं जातं.

टिपण टपालात दिलं की आवक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. महाराष्ट्रात सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि पदावरचा कालावधी साधारणपणे तीन वर्षांचा असतो. जूनमध्ये त्या टेबलावर कोण आलंय ते विचारा, जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन तीच दोन पानं पुन्हा द्या आणि भेटीसाठी पंधरा मिनिटं मागा.