चाळीस अंशांच्या दिवशी ॲक्टियाचा वाफा

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकून मी इंग्लंडला आलो आणि गेली बारा वर्षे सरे परगण्यात खासगी बागांची देखभाल करतो. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि ब्रिटनमध्ये पाऱ्याने प्रथमच चाळिशी ओलांडली. मे महिन्यातला अकोल्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला या आकड्याची भीती वाटू नये; पण त्या दिवशी माझा सारा जीव एका वृद्ध बाईंच्या बागेतील ॲक्टियाच्या सात रोपांत अडकला होता.

ॲक्टिया सिम्प्लेक्स ही पूर्व रशिया, कोरिया आणि जपानमधील थंड, ओलसर रानांतली बहुवर्षायू वनस्पती आहे. जुन्या पुस्तकांत ती सिमिसिफुगा, म्हणजे ढेकूण पळवणारी, या नावाने आढळते. तिच्या ‘ब्रुनेट’ या वाणाची पाने काळपट जांभळी असतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, बाकीची बाग निजायला लागते तेव्हा, माणसाच्या उंचीच्या दांड्यांवर पांढरट गुलाबी, सुवासिक मंजिऱ्या येतात. मला त्या पहिल्यांदा पाहताना आमच्या अंगणातली कृष्णतुळस आठवली होती.

ही रोपे आधी बीच नावाच्या एका जुन्या वृक्षाच्या दाट सावलीत होती. तिथे ती जगत होती, पण पाने वर्षागणिक हिरवट होत चालली होती, कारण पानांचा काळेपणा ज्या रंगद्रव्यामुळे येतो ते पुरेशा उजेडाशिवाय नीट तयार होत नाही. बाईंना तो काळा रंगच हवा होता. म्हणून मार्चमध्ये मी सातही रोपे उचलून बर्चच्या झाडाच्या विरळ सावलीत लावली. मी उजेडाचा हिशेब केला, पण ओलीचा केला नाही. बर्चची मुळे उथळ पसरतात आणि वरच्या थरातले पाणी आधी तीच ओढून घेतात. शिवाय तिथली माती वालुकामय, पाणी न धरणारी. त्यातच ॲक्टियाला जागा बदललेली मुळीच रुचत नाही आणि नव्या जागी मूळ धरायला तिला दोन-तीन वर्षे लागतात. हे सारे मला ठाऊक होते, म्हणूनच ती चूक मला आजही सलते.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता मी वाफ्याजवळ बसलो. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या आणि एक पान बोटांत धरताच पापडासारखे मोडले. मातीत अख्खे बोट घातले तरी ओल लागली नाही. बाई टोपी घालून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हळूच विचारले, “गेली का सगळी?” मी एका रोपाच्या बुडाची माती हाताने बाजूला केली. आतले मूळखोड नखाने दाबून पाहिले, तर ते टणक होते. “पाने गेली,” मी म्हणालो, “पण मूळ जिवंत आहे.”

बाईंनी घरातून दोन जुन्या पांढऱ्या चादरी आणल्या आणि आम्ही त्या बांबूंना बांधून वाफ्यावर सावली केली. भर उन्हात थोडे पाणी शिंपडून उपयोग नव्हता, ते वरच्या वर उडून गेले असते. संध्याकाळी आठनंतर मी प्रत्येक रोपाच्या बुडाशी दहा लिटरची एक झारी, माती पाणी पीत जाईल इतक्या सावकाश, रिकामी केली. नंतर कुजलेल्या पाल्याचा चार बोटे जाड थर पसरला. विदर्भातल्या संत्र्याच्या बागांत आम्ही आच्छादन करतो, तेच हे काम. फक्त तिथे गवत असते आणि इथे ओक-बीचचा पाला.

१२ ऑगस्टला इंग्लंडच्या अनेक भागांत दुष्काळ जाहीर झाला आणि पुढे आमच्याकडे नळीने पाणी घालण्यावर बंदी आली. झारीला मुभा होती, त्यामुळे मी आठवड्यातून दोनदा जात असे आणि मधल्या दिवसांत बाई भाज्या धुतलेले पाणी साठवून स्वतः घालत. दोन रोपे तरीही गेली.

उरलेल्या पाचांना एप्रिल २०२३ मध्ये काळसर कोंब फुटले. त्या वर्षी फुले आली नाहीत आणि मी त्यांना पुन्हा हलवण्याचा विचारही मनात येऊ दिला नाही; प्रत्येक शरद ऋतूत पाला घालत राहिलो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन रोपांना मंजिऱ्या आल्या आणि बाईंनी मला फाटकापाशीच थांबवून विचारले, वास येतो का. येत होता. त्या रोपांची उजेडाकडची पाने आता जवळजवळ काळी आहेत. बुंध्याकडची अजून हिरवट आहेत.