पावनखिंडीपर्यंत टिकतील असे मोजे

माझा मुलगा दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो. 1660 सालच्या त्या रात्रीची आठवण ठेवून कोल्हापूरची कितीतरी पोरं ही वाट चालतात. गड उतरला की मसाई पठाराचा वारा, पुढं भाताची खाचरं, ओढे आणि गुडघाभर चिखल. पायातले बूट एकदा भिजले की घरी येईपर्यंत वाळत नाहीत. सुती मोजे त्या पाण्यानं सैल होतात, बुटात गोळा होतात आणि टाचेला फोड आणतात. म्हणून यंदा त्याच्यासाठी हातानं लोकरीचे मोजे विणायचे ठरवलं. स्वेटर, टोपरी, शाली मी वर्षानुवर्षं विणत आले आहे, पण मोज्याचा धागा निवडणं हे निराळं काम आहे.

सुरुवात केली ती त्याच्या जुन्या फाटक्या मोज्यांपासून. फाटलेला मोजा टाकून देण्याआधी उजेडात धरून बघावा, तो बरंच सांगतो. घोट्याचा, पोटरीचा भाग नव्यासारखा असतो. विरतं ते टाचेच्या मागं, तळव्याच्या पुढच्या उंचवट्याखाली आणि अंगठ्याच्या टोकाला. म्हणजे धागा ताणून तुटत नाही, घासून झिजतो. एवढं कळलं की दुकानात कशाला हात लावायचा आणि काय बाजूला ठेवायचं, हे ठरवता येतं.

महाद्वार रोडला लोकरीच्या दुकानात गेले. दुकानदारानं नेहमीप्रमाणं सगळ्यात मऊ गुंडे पुढं केले. "वहिनी, ह्यो हात लावून तर बघा, लोण्यागत हाय!" होताच तसा. पण तो होता ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा, बाळाच्या झबल्या-टोपऱ्यासाठीचा. आपल्याकडं दुकानात लोकर म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक ॲक्रिलिकच असतं. धुवायला सोपं, रंग छान, किंमत परवडणारी, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते घाम जवळजवळ शोषतच नाही. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. दोन दिवस बुटात कोंडलेल्या पायाला हा फरक फार मोठा आहे.

मग मऊ खऱ्या लोकरीचा, मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा एक गुंडा घेतला आणि धागा उलगडून पाहिला. ही सवय प्रत्येक विणणारीनं लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. धाग्याचा पीळ उलटा सोडायचा, पदर किती ते मोजायचे, मग एक पदर दोन्ही हातांनी हळूच ओढायचा. हा धागा एकपदरी होता, पीळ सैल, आणि ओढताक्षणी आखूड तंतू सुटून हातात आले. असे तंतू घासले की वर येतात, त्यांचे गोळे होतात, गोळे गळतात आणि धागा बारीक होत जातो. मऊपणा मिळतो तो बारीक तंतूंमुळं आणि सैल पिळामुळं, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी टाचेखाली टिकत नाहीत. शालीला तो गुंडा उत्तम, मोज्याला नाही.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर का नको, असंही मनात आलं. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेचा हा मुलूख, धनगरांची आणि घोंगड्यांची परंपरा इथलीच. घोंगडी विणणाऱ्या एका आजोबांकडून हातानं कातलेलं थोडं सूत आणलं. देताना ते म्हणाले, "ताई, ही पाठीवर घ्यायची लोकर हाय. पायात टोचतीया बघा." चौकोन विणून पाहिला. टिकाऊपणात त्याला तोड नव्हती, जाड राठ केस घासायला दाद देत नव्हते. पण त्याला लवचीकपणा कमी, आणि ओल्या कातडीवर ते खरंच टोचतं. घोंगड्याच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात ती उगाच नाही, त्या सुताचा स्वभावच ताठ आहे. त्या लोकरीबद्दल मला फार आदर आहे, पण फोड आलेल्या पायावर ती नको.

शेवटी खास मोज्यांसाठीचा धागा ऑनलाइन मागवला. लेबलवर 75 टक्के लोकर, 25 टक्के पॉलिअमाइड. पॉलिअमाइड म्हणजे आपलं नायलॉन. हे नायलॉन 1935 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी तयार केलं, आणि 1940 मध्ये बायकांचे पायमोजे म्हणून ते तिथं बाजारात आलं, तेव्हा पायाशी त्याचं नातं जुनंच आहे. धागा चारपदरी, पीळ घट्ट, 100 ग्रॅमला साधारण 400 मीटर. एवढ्यात मोठ्या माणसाचा एक जोड होतो.

लेबलवर विसंबून न राहता दोन गोष्टी करून पाहिल्या. एक तुकडा जाळला. केस जळल्याचा वास आला आणि चुरगळणारी राख राहिली, पण राखेत बारीक कडक मणीही होते. ती लोकर आणि ते नायलॉन. दुसरा तुकडा कपडे पांढरे करायच्या क्लोरीनच्या द्रावात टाकून ठेवला. त्यात लोकर विरघळून गेली आणि तळाशी नायलॉनचे नाजूक तंतू तेवढे उरले. (म्हणूनच लोकरीला हा द्राव चुकूनही लावू नये.)

मग सगळे चौकोन एका ओळीत ठेवून अंघोळीच्या वजरीनं सारखेच घासले. मेरिनोचा एकपदरी चौकोन लगेच केसाळ झाला आणि मध्ये विरला. ॲक्रिलिकवर गोळ्यांची गर्दी झाली. मोज्याच्या धाग्यावर जरा लव आली, पण टाके शाबूत राहिले.

या धाग्यावर सुपरवॉश असंही लिहिलेलं होतं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. पाणी, ऊब आणि घर्षण एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं घट्ट होतं. भिजलेल्या बुटात चालताना नेमकं हेच तिन्ही असतं. सुपरवॉश करताना क्लोरीननं ते खवले बोथट करतात आणि वर पॉलिमरचा पातळ थर देतात, त्यामुळं मोजा आटत नाही.

चांगला धागा सैल विणला तर पैसे वाया. सव्वादोन मिलिमीटरच्या सुया घेतल्या, 10 सेंटीमीटरला 30 टाके बसेपर्यंत हात घट्ट ठेवला. लेकाच्या पायाचा घेर 24 सेंटीमीटर. मोजा त्याहून दहावा हिस्सा कमी हवा, म्हणजे पायाला चिकटून बसतो आणि आत सरकत नाही. तो हिशेब 64 टाक्यांवर आला. टाचेला सुलट ओळीत एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा, उलट ओळ साधी. उचललेल्या टाक्यामागून धागा आडवा जातो आणि टाच आपोआप दुहेरी होते. टाचेत नायलॉनचा बारीक मऊ धागाही जोडीनं घेतला. तंगुसासारखा कडक धागा मात्र कधी घेऊ नये, तो लोकरीलाच कापतो.

पोरगा पावनखिंडीहून आला तो डोक्यापासून चिखलात. मोजे कोमट पाण्यात धुतले, उलटे करून सावलीत वाळवले आणि पुन्हा उजेडात धरले. टाच जशीच्या तशी होती आणि पायाला एकही फोड नव्हता. उजव्या अंगठ्याच्या टोकाला तेवढे टाके पातळ दिसले. भोक पडायची वाट न बघता उरलेल्या धाग्यानं तिथं आतून टाक्यावर टाका घातला. पुढच्या जोडात टाचेसारखाच अंगठ्यालाही नायलॉनचा जोडधागा घेणार आहे.